छतावरचं काटेरी टेक्श्चर पाण्यानं भिजतच नाही, मग काढायचं कसं?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं. साताऱ्यात शाहूनगरला 1994 चं बांधकाम असलेला फ्लॅट रिसेलमध्ये घेतला. हॉलच्या छताला काटेरी टेक्श्चर आहे आणि टीव्हीच्या भिंतीवर रोलरनं केलेलं जाड सोनेरी टेक्श्चर. जळमटं निघत नाहीत, झाडू अडकतो. एक पेंटर म्हणतो वरूनच पुट्टी मारून सपाट करू, दुसरा म्हणतो सगळं तोडावं लागेल. व्हिडिओत बघून तुम्ही छतावर पाणी फवारलं, तासभर थांबलात, आणि अळवाच्या पानावरून ओघळावं तसं ते पाणी खाली आलं. घरात दीड वर्षाचं बाळ आहे, आणि काम शनिवार-रविवारी दोघांनीच करायचं आहे.

मी सांगलीचा. रंगकामात 27 वर्षं झाली, त्यातली पहिली सहा काकांच्या हाताखाली नुसती लांबी, म्हणजे रंगाआधी खाचा बुजवून पृष्ठ सपाट करायचा लेप, भरण्यात गेली. तुमच्या दोन्ही पेंटरांपैकी कोणी खोटं बोलत नाहीये. पण दोघांनीही छताला हात लावायच्या आधी उत्तर दिलंय. टेक्श्चर कसं काढायचं हे ते कशानं धरून ठेवलंय यावर ठरतं, आणि ते खालून नुसतं बघून कळत नाही. मलाही कळत नाही.

आपल्याकडच्या घरांत टेक्श्चर साधारण तीन गोष्टींनी धरलेलं असतं. एक, खडूची पूड, चुना किंवा पीओपी, म्हणजे प्लास्टर ऑफ पॅरिस. 90 च्या दशकात छतावर पीओपी ओलं असताना ब्रश आपटून काटे काढायची पद्धत होती, त्यातलंच तुमचं असावं असा माझा अंदाज. हे पाण्यानं मऊ पडतं. पीओपी एकदा घट्ट झालं की ते विरघळत नाही, पण भिजलं की त्याचा जोर बराच कमी होतो आणि पत्र्यानं, म्हणजे खरवडायच्या रुंद पात्यानं, निघतं. दोन, सिमेंट. बाहेरच्या भिंतींना जसं खरबरीत काम करतात तसंच काही घरांत आतही केलेलं असतं. सिमेंट पाण्यानंच घट्ट होतं, त्याला पाणी पाजून काही उपयोग नाही. तीन, अ‍ॅक्रिलिक, म्हणजे डब्यातून येणारं टेक्श्चर पेंट. त्यात क्वार्ट्झची वाळू किंवा संगमरवराची भुकटी असते आणि धरून ठेवणारा माल एक प्रकारचं प्लास्टिकच असतं. वाळलं की पुन्हा पाण्यात जात नाही. तुमची सोनेरी भिंत नक्की या तिसऱ्या जातीची.

मग छत पहिल्या जातीचं असेल तर पाणी आत का गेलं नाही? कारण गेल्या तीस वर्षांत त्यावर रंगाचे हात चढलेत. कुणी डिस्टेंपर मारलं, कुणी प्लास्टिक पेंट, कुणी धूर बसतो म्हणून ऑइल पेंट. काटे खडूचेच आहेत, पण अंगात रेनकोट घालून बसलेत. परदेशातल्या व्हिडिओत फवारलं की पाच मिनिटांत लोण्यासारखं निघतं, कारण तिथलं ते छत बहुतेक वेळा कधी रंगवलेलंच नसतं. आपल्याकडे दिवाळी आली की छतही रंगतं.

तेव्हा आधी चाचणी करा. पंख्यापासून दूरचा, सोफ्याच्या वर येणार नाही असा कोपरा धरा आणि एकेक फुटाचे तीन चौकोन पेन्सिलीनं आखा. पहिल्यावर कोमट पाणी आणि भांडी घासायच्या लिक्विडचे चार थेंब. हा तुमचा करून झालाय. दुसऱ्यावर आधी पाणी मारून मग जुन्या सुरीनं किंवा तारेच्या ब्रशनं फुली-फुलीच्या रेघा ओढा, वरचा रंगाचा पापुद्रा फाटला पाहिजे. मग कोमट पाणी, पंधरा मिनिटं थांबा, परत पाणी, परत दहा मिनिटं. आता पत्रा लावून बघा. भिजलेल्या बिस्किटासारखं आलं तर जिंकलात, काम कष्टाचं आहे पण घरी होण्यासारखं आहे. तिसऱ्यावर वाफ देऊन बघा. कपड्यांना वाफ द्यायचं हातातलं स्टीमर चालेल, फक्त वाफेचं गरम पाणी आपल्याच हातावर ओघळतं, म्हणून लांब रबरी मोजे घाला. उष्णतेनं अ‍ॅक्रिलिकचा पापुद्रा नरम पडून सालीसारखा उचलतो. दुसऱ्या आणि तिसऱ्या चौकोनात काहीच हललं नाही, पत्रा नुसता कर्रकर्र वाजला, तर खाली सिमेंट आहे असं धरा.

निघालेला एक खडा हातात घेऊन त्याच्या तुटलेल्या कडेवर लिंबू पिळा. फसफसलं तर त्यात खडू, चुना किंवा संगमरवराची भुकटी आहे. शांत राहिलं तर बहुतेक पीओपी. नुसत्या एवढ्यावर निर्णय घेऊ नका, आधीच्या चाचणीला जोड म्हणून करा.

वरचा रंग कुठला आहे हेही बघून घ्या, तुमच्या घरात बाळ आहे म्हणून. चिंधीवर स्पिरिट घेऊन रंगावर जोरात घासा. चिंधीला रंग लागला तर तो पाण्याचा रंग, काहीच लागलं नाही तर ऑइल पेंट समजा. घरगुती रंगात शिसं 90 पीपीएमच्या, म्हणजे दहा लाखांत 90 भागांच्या, आत ठेवायचं बंधन आपल्या देशात 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झालं. त्याआधीच्या ऑइल पेंटमध्ये, विशेषतः पिवळा, हिरवा, लाल अशा छटांमध्ये, शिसं असणं अगदी शक्य आहे. शिशाची धूळ मोठ्यांनाही वाईटच, पण रांगणारं बाळ जमिनीवरचा हात तोंडात घालतं. त्यामुळे चिंधी कोरी राहिली तर कोरडा पॉलिश पेपर अजिबात लावायचा नाही. सगळं ओलं करून खरवडायचं, आणि ते दोन-तीन दिवस बाळाला आजोळी पाठवायचं. काम झाल्यावर झाडू मारू नका, ओल्या फडक्यानं दोनदा पुसा, फडकी टाकून द्या.

व्हिडिओत अ‍ॅस्बेस्टॉसची भीती घालतात, त्याबद्दलही तुम्ही विचारलंय. ती त्यांच्याकडे खरीच आहे. ब्रिटनमध्ये छतावर जे आर्टेक्स नावाचं टेक्श्चर मारत त्यात 1980 च्या दशकाच्या मध्यापर्यंत पांढरं अ‍ॅस्बेस्टॉस घालत होते, आणि अमेरिकेत छतावर फवारायच्या अ‍ॅस्बेस्टॉसच्या मालावर 1978 मध्ये बंदी आली. आपल्याकडे ब्रश आपटून केलेल्या पीओपीत ते सहसा नसतं. पण आपल्याकडे अ‍ॅस्बेस्टॉस दुसरीकडे आहे, सिमेंटच्या पत्र्यात. मागच्या बाल्कनीवर, गच्चीतल्या खोलीवर किंवा जुन्या स्वयंपाकघराच्या माळ्याखाली सिमेंटचे पत्रे असतील आणि त्यांना आतून खरबरीत रंग मारला असेल, तर तिथे घासायचं नाही, खरवडायचं नाही, भोकही पाडायचं नाही. तसंच तुमच्या छताचा खडा फुटल्यावर त्यात कापसासारखे तंतू दिसले, तर तिथेच थांबा, तो भाग ओला करून तुकडा प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत बंद करा आणि प्रयोगशाळेत तपासून घ्या. अ‍ॅस्बेस्टॉस डोळ्यांनी ओळखता येत नाही, म्हणून "मी बघून सांगतो" म्हणणाऱ्या पेंटरवर विश्वास ठेवू नका, माझ्यावरही नाही.

आता ग्राइंडरबद्दल. "तोडावं लागेल" म्हणणारा बहुतेक वेळा ग्राइंडर घेऊन येतो. मी स्वतः हे पाप केलंय. धंद्यात नवा होतो, मिरजेत एका घरी सिमेंटचं टेक्श्चर होतं, दोन दिवसांचं काम चार तासांत उरकू म्हणून ग्राइंडर लावला. अर्ध्या तासात खोलीत मला माझाच हात दिसेना. दार बंद होतं, तरी ती धूळ स्वयंपाकघरात गेली, फ्रिजच्या मागच्या जाळीत गेली, आणि मागच्या गॅलरीत काकूंनी उडदाचे पापड वाळत घातले होते त्यांच्यावर बसली. पापडांचे पैसे त्यांनी माझ्या बिलातून कापले, आणि बरोबर केलं. पण पापडांपेक्षा वाईट गोष्ट फुप्फुसात जाते. सिमेंट-वाळूच्या आणि क्वार्ट्झच्या टेक्श्चरमध्ये सिलिका असते, ती कोरडी घासली की इतकी बारीक होते की छातीत खोल जाऊन बसते आणि परत येत नाही. दगडखाणीतल्या कामगारांना होणारा सिलिकोसिस तो हाच. म्हणून आमच्याकडे आता नियम आहे, पाणी नाही तर काम नाही. नाकाला रुमाल बांधून भागत नाही. एन 95 मास्क घाला, आणि दाढी असेल तर त्या दिवसापुरती काढा, कारण दाढीवर मास्क बसत नाही. तुमच्या मिस्टरांना हे तुम्हीच सांगा.

छताचं काम सुरू करायच्या आधी हॉलचा वीजपुरवठा मेन बोर्डावरून बंद करा, नुसतं बटण बंद करून चालत नाही. छतात गाडलेल्या पाइपांतून वायर गेलेल्या असतात आणि तुम्ही वर पाणी मारणार आहात. पंखा उतरवा, वायरींची तोंडं टेपनं आणि वर पिशवीनं बांधा. उजेडासाठी दुसऱ्या खोलीतून एक्स्टेन्शन आणून लांब ठेवा. जमिनीवर प्लास्टिकची ताडपत्री आणि तिच्यावर जुनी बारदानं टाका. नुसत्या प्लास्टिकवर ओला खडू पडला की असा निसरडा होतो की घोड्यावरून, म्हणजे फळी ठेवायच्या चौपायी स्टँडवरून, उतरताना पाय सटकलाच. आणि घोडाच घ्या, शिडी नको. शिडीवर एका हातानं धरून दुसऱ्या हातानं डोक्यावर खरवडायचं म्हणजे दर पाच मिनिटांनी खाली उतरून शिडी हलवायची. रंगकामाचं सामान भाड्यानं देणारे साताऱ्यात मिळतील. गुडघ्याएवढे दोन घोडे आणि वर भक्कम फळी, डोकं छतापासून फूटभर खाली राहील एवढी उंची ठेवा.

फवारायला हातानं हवा भरायचा छोटा नवीन पंप घ्या. "नवीन" यावर जोर आहे. गावाकडून शेतातला फवारणीचा पंप आणू नका, कितीही धुतला असला तरी. तासगावकडच्या एका घरी मालकांनी प्रेमानं द्राक्षबागेतला पंप दिला होता, पहिल्याच फवाऱ्याला आमच्या पोराचे डोळे चुरचुरायला लागले. औषध नळीत आणि वॉशरमध्ये मुरलेलं असतं.

कामाची रीत अशी. तीन फूट बाय तीन फूट एवढाच भाग एका वेळी. आधी हलकं पाणी, म्हणजे पहिली धूळ उडणार नाही. मग पापुद्रा फाडायचा, तारेच्या ब्रशनं किंवा 40 नंबरच्या पेपरनं, ओलाच. मग पाणी, थांबा, पाणी, थांबा. थांबण्याच्या वेळात पुढचा चौकोन फाडून भिजवत ठेवा, म्हणजे हात रिकामा राहत नाही. चार इंची पत्रा घ्या आणि वापरायच्या आधी त्याचे दोन्ही कोपरे कानशीनं किंचित गोल करा. हे कुठल्या व्हिडिओत दिसणार नाही, पण नवख्या माणसाच्या छतावर जे चंद्रकोरीसारखे ओरखडे उठतात ते सगळे त्या टोकदार कोपऱ्यांचे असतात. पत्रा छताला जवळजवळ टेकवून ढकला, उभा धरलात तर तो गिलाव्यात घुसतो. शंभर टक्के काढायच्या मागे लागू नका. काटे गेले, उरलेला थर छताला घट्ट बसलाय आणि नखानं खरवडला तरी निघत नाही, तर तो राहू द्या. त्याच्यावर पुढची लांबी बसते. पहिला चौकोन व्हायला पाऊण तास लागेल आणि तुम्ही मला शिव्या द्याल. पाचव्यापासून हात बसतो. साधारण 10 बाय 14 च्या हॉलला आमची दोन सवयीची माणसं दीड दिवस घेतात, तुम्ही दोघं तीन दिवस धरा, म्हणजे दोन शनिवार-रविवार.

काम करताना कान उघडे ठेवा. पत्र्याच्या मुठीनं मधूनमधून छत ठोका. टणक आवाज आला तर ठीक. बद्द आवाज आला तर गिलावा स्लॅबपासून सुटलाय. स्लॅबचा खालचा भाग सेंट्रिंगमुळे, म्हणजे स्लॅब ओतताना खाली लावलेल्या साच्यामुळे, गुळगुळीत असतो. त्याला टाचे मारून खरबरीत केल्याशिवाय गिलावा केला असेल तर तो काही वर्षांनी सुटतो. हातभर जागेत बद्द वाजलं तर गवंड्याला बोलवून तेवढा भाग पाडून घ्या, स्वतः खाली उभं राहून पाडू नका. आणि खरवडताना गंजाचा तांबूस डाग किंवा गज दिसला, तर काम तिथेच बंद. तो रंगकामाचा विषय राहत नाही, आधी स्लॅबची दुरुस्ती.

तुमचा फ्लॅट सगळ्यात वरच्या मजल्यावर आहे का, हे तुम्ही लिहिलं नाही, आणि माझ्या उत्तरातलं निम्मं त्यावर अवलंबून आहे. शाहूनगर म्हणजे अजिंक्यताऱ्याचा पायथा, पाऊस सांगलीपेक्षा बराच जास्त. वर गच्ची असेल आणि ती गळत असेल, तर टेक्श्चर काढून सपाट केलेल्या छतावर पहिल्याच आषाढात नकाशा उमटेल. काट्यांमध्ये ओल लपते, सपाट छतावर नाही. वर दुसऱ्याचा फ्लॅट असेल तर त्यांचं बाथरूम कुठं येतं ते बघा. शंका असेल तिथे दोन फुटांचा प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेपनं चिकटवून एक दिवस ठेवा. आतून प्लास्टिकवर पाण्याचे थेंब दिसले तर ओल आतून येतेय. हीच चाचणी टीव्हीच्या भिंतीलाही करा, तिच्या पलीकडे न्हाणीघर असेल तर नक्कीच.

भिंतीकडे वळतो. इथे मात्र पहिल्या पेंटरचं "वरूनच पुट्टी" मला पटत नाही. कारण सांगतो. नेहमीची पांढऱ्या सिमेंटची पुट्टी भिंतीत मुरून धरते, म्हणून ती लावायच्या आधी आपण भिंत ओली करतो. तुमच्या सोनेरी टेक्श्चरमध्ये मुरायला जागाच नाही, तिथेही तेच प्लास्टिक. विश्रामबागला एका घरी मालकांच्या घाईमुळे मी असंच केलं होतं. हात फिरवला की काचेसारखं, सगळे खूश. चौदा महिन्यांनी फोन आला, कॅलेंडरचा खिळा ठोकताना ताटाएवढी पुट्टी अख्खी खाली आली होती, आणि तिच्या पाठीवर टेक्श्चरचा ठसा जसाच्या तसा उमटला होता. ते काम मी फुकट परत केलं. दुसरं कारण जाडीचं. साधी पुट्टी दोन्ही हातांत मिळून दीड मिलिमीटरच्या आसपास पेलते. तुमच्या टेक्श्चरच्या खाचा तीन मिलिमीटर तरी असतील. तेवढ्या भरायला चार-पाच हात मारले की तडे जातात.

आता ती तोडायची म्हटलं तर अ‍ॅक्रिलिकनं गिलावा असा धरलेला असतो की सोलताना गिलाव्याचे लचके येतात. रंग काढायचं केमिकल येतं बाजारात, चालतंही. पण मिथिलीन क्लोराइड असलेलं असेल तर त्याची वाफ हवेपेक्षा जड, बंद खोलीत खाली साठते. अमेरिकेत बंद बाथरूममध्ये टबवरचा रंग त्यानं काढताना माणसं दगावलेली आहेत. बाळाच्या घरात मी ते नेणार नाही.

म्हणून मी अशा भिंतीला मधला रस्ता काढतो. भिंत साबणाच्या पाण्यानं धुऊन दोन दिवस वाळवायची. हॉलमधली जळमटं, उदबत्तीचा धूर, तेलकटपणा गेला पाहिजे. मग ओल्या पॉलिश पेपरनं आणि पत्र्यानं उंच टोकं मोडायची आणि सोनेरी चमक पूर्ण मारायची, भिंत सगळीकडे मळकट दिसेपर्यंत. जिथे सुटं आहे तिथे सोलायचं. मग वाळूचे कण असलेला बाँडिंग प्रायमर, हात फिरवला तर खरखर लागतो तो. तो डब्यावर लिहिलेल्या वेळेएवढा वाळू द्यायचा. आणि वरून जिप्सम प्लास्टर, साधारण पाच-सहा मिलिमीटर, पट्टीनं एका ओळीत ओढून. हे शेवटचं काम तुम्ही करू नका. जिप्सम पाणी घातल्यापासून घट्ट व्हायला लागतं, माणसाला विचार करायला वेळ देत नाही. टोकं मोडणं आणि प्रायमरपर्यंत तुम्ही करा, प्लास्टरला एक दिवस कारागीर बोलवा. त्याच दिवशी तो छताच्या लांबीचा पहिला हातही मारून देईल. भिंत ओली निघाली असेल तर मात्र जिप्सम नाहीच, त्याला ओल सोसत नाही. तेव्हा आधी ओलीचा बंदोबस्त, मग टेक्श्चर गिलाव्यासकट काढून सिमेंटचा नवा गिलावा. खर्च वाढतो, पण दुसरा उपाय नाही.

ओलीबद्दल एवढं का घोळवतोय, त्याला सांगलीचं कारण आहे. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णा आयर्विन पुलाजवळ 57 फुटांच्या वर गेली, धोक्याची पातळी 45. गावभागात, दत्तनगरात, कर्नाळ रोडला घरांत छातीएवढं पाणी. पूर ओसरल्यावर साध्या रंगाच्या भिंती आठवड्याभरात पोपडे टाकून मोकळ्या झाल्या आणि वाळायला लागल्या. टेक्श्चरच्या भिंती मात्र दिसायला जशाच्या तशा. त्यातल्या एका घरी मालक म्हणाले, बघा, चांगला माल लावल्याचा फायदा. पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी बोलावलं. मी टेक्श्चरची एक कड धरून ओढली तर भिंतभर एकच साय निघाल्यासारखं हातात आलं, आणि मागचा गिलावा पिठासारखा भुरभुर गळला. त्या पापुद्र्याच्या मागे ओल आणि खार दोन्ही कोंडून बसले होते. तिथे काढायला पाच मिनिटं लागली, आणि भिंत परत उभी करायला तीन आठवडे. तुमचं टेक्श्चर कुठे फार सहज निघालं, तर म्हणून खूश व्हायच्या आधी मागचा गिलावा अंगठ्यानं दाबून बघा. पांढरा खार दिसला तर पाण्यानं धुऊ नका, तो विरघळून परत आत जातो. कोरड्या ब्रशनं झाडून, मास्क लावून, गोळा करा.

काही लोक तुम्हाला सल्ला देतील की एवढं कशाला, खालून जिप्सम बोर्डाचं फॉल्स सिलिंग करा. वाईट नाही. साडेबारा मिलिमीटरचा बोर्ड, वर चॅनेलची जाळी, सगळं मिळून निदान तीन-चार इंच उंची जाते. शिशाचा रंग असेल, खालचं टेक्श्चर सिमेंटचं निघालं, किंवा घरात दम्याचं माणूस असेल, तर मी स्वतः हेच सांगेन. अट एकच, वरून गळत नसलं पाहिजे, आणि पंख्याचा हूक स्लॅबमधूनच आला पाहिजे, बोर्डाच्या चॅनेलला पंखा टांगायचा नाही.

म्हणजे तुमचा क्रम असा झाला: प्लास्टिक चिकटवून ओल बघणं, स्पिरिटची चिंधी, तीन चौकोन, मग निर्णय. छत भिजून आलं तर दोन शनिवार-रविवार तुम्ही दोघं. भिंतीला तुम्ही अर्धं, कारागीर अर्धं. आणि हे सगळं मेच्या अखेरीपर्यंत. जूनमध्ये पाऊस लागला की साताऱ्यात लांबी दोन-दोन दिवस वाळत नाही, आणि ओल्या लांबीवर घाईनं रंग मारला की ऑगस्टमध्ये बुरशीचे ठिपके.

निघालेला मळ बेसिनमध्ये किंवा संडासात टाकू नका. पीओपीचं पाणी पाइपच्या वळणात जाऊन बसतं आणि तिथे गाळ साचून पाइप तुंबतो. हा धडा एका अपार्टमेंटच्या चारही मजल्यांनी मिळून मला दिलाय. बादलीत खाली बसू द्या, वरचं पाणी मोरीऐवजी बाहेर मातीत ओता, गाळ वाळवून पोत्यात भरा. शिशाचा संशय असेल तर ते पाणीही मातीत नको, सगळंच पोत्यात. घंटागाडीत हा माल देऊ नका, नगरपालिकेत विचारून राडारोड्याची जागा कळून घ्या.

छत खरवडून झालं, वाळलं की प्रायमर, मग दोन हात लांबी, मध्ये 180 चा पेपर आणि शेवटी 320 चा. घासायच्या दिवशी लांब दांड्याचं, धूळ ओढून घेणारं मशीन भाड्यानं मिळालं तर पैसे वसूल. रंग लावायच्या आधी रात्री एक ट्यूबलाइट छताला लागून आडवी धरा. दिवसा सपाट वाटलेल्या छतावर त्या उजेडात सगळे उंचवटे सावल्या टाकतात. पेन्सिलीनं गोल करून ठेवा, सकाळी तेवढेच घासा. आणि छताला रंग मॅटच घ्या, चमकणारा घेतला तर राहिलेले दोन-चार उंचवटे पाहुण्यांनाही दिसतील. चौकोनांचा काय निकाल लागला ते आणि मजला कितवा ते कळवा, म्हणजे छताच्या प्रायमरचं नक्की सांगता येईल.